क्वांटम ऑफ सोलेस: कॅसिनो रोयालच्या मापाने मोजायचा का?

नेपथ्य

परवा जेम्स बाँडचे दोन सिनेमे लागोपाठ बघितले, आधी कॅसिनो रोयाल आणि तो संपल्या संपल्या, जागेवरून न उठता, क्वांटम ऑफ सोलेस. इतकी वर्षं जे मत धरून बसले होते ते चांगलंच हललं, म्हणून हा धागा काढतेय. खाली दोन्हीचे शेवट सांगून टाकलेत, ज्यांनी बघितले नसतील त्यांनी आधी बघून या प्लीज.

२००८ मध्ये क्वांटम आला तेव्हा जो भेटेल तो एकच म्हणायचा, पहिल्याची सर नाही. मीही तेच म्हणायचे. कॅसिनो २००६ चा, मार्टिन कॅम्बेलचा, १४४ मिनिटांचा, निवांत श्वास घेत चालणारा. क्वांटम मार्क फॉर्स्टरचा, जेमतेम १०६ मिनिटं, सगळ्या बाँडपटांत सगळ्यात लहान, आणि सुरुवातीपासून असा सुटतो की थांबायचं नावच नाही.

पण आपण तुलना करतो म्हणजे नक्की काय करतो? मारामारी आणखी मोठी झाली का, खलनायक तेवढाच भारी आहे का, गाण्यापासून गाडीपर्यंत सगळं आधीपेक्षा वरचढ आहे का, एवढं बघतो आणि निकाल देऊन मोकळे होतो. मला आता वाटतंय की हेरपटाच्या दुसऱ्या भागाला पहिला प्रश्न वेगळाच विचारायला पाहिजे. पहिल्या सिनेमाने जी उधारी मागे ठेवली ती याने फेडली का?

कॅसिनोने दोन उधाऱ्या ठेवल्या होत्या. एक वेस्पर, बाँडची प्रेयसी. ती बुडून मरते आणि बाँड फोनवर एमशी, म्हणजे त्याच्या बॉसशी, तिच्याबद्दल इतकं कडवट बोलतो की ऐकवत नाही, मग कळतं की त्याचा जीव वाचावा म्हणून तिने सौदा केला होता, आणि पुढच्या काही मिनिटांत तो या सगळ्या कटामागच्या मिस्टर व्हाइटच्या पायात गोळी घालून आपलं नाव सांगतो आणि सिनेमा संपतो. आपण टाळ्या वाजवल्या कारण बाँड 'बाँड' झाला. पण तो माणूस रडलाच नाही हो. त्याने ते सगळं आत कोंबून वर सूट चढवला. दुसरी उधारी बाँडच्या साथीदाराची, माथिसची. तो गद्दार असल्याच्या नुसत्या संशयावरून त्याला उचलून नेलं, खरं खोटं काय ते कुणी सांगितलंच नाही.

आता क्वांटम बघा. माथिस निर्दोष निघाला होता, नुकसानभरपाईत त्याला समुद्रकाठचं घर मिळालंय, आणि बाँड त्याच्याच दारात मदत मागायला जातो. मग तो विमानातला सीन. रात्र, बाकी सगळे झोपलेत, बाँड एकटा बारपाशी पितोय, माथिस विचारतो काय पितोयस आणि बाँड म्हणतो माहीत नाही. मग बारटेंडर एकेक करून त्यात काय काय आहे ते सांगतो आणि आपल्या लक्षात येतं की हे तेच ड्रिंक ज्याला त्याने पत्त्यांच्या टेबलावर वेस्परचं नाव दिलं होतं. ते सहावं असतं. वेस्परचं नाव कुणी घेत नाही. मला या एका सीनमध्ये कॅसिनोचा शेवटचा अर्धा तास परत दिसला.

पुढे माथिस मरतो तेव्हा बाँडच्या कुशीत मरतो, वेस्परला माफ कर आणि स्वतःलाही कर असं सांगून जातो, आणि त्यानंतर बाँड त्याचा देह कचऱ्याच्या मोठ्या डब्यात टाकतो. क्वांटमची नायिका कमील भडकते, मित्राशी असं वागतोस? तर हा म्हणतो त्याला काही वाटलं नसतं. पहिल्यांदा बघितलं तेव्हा राग आला होता मला, लेखकांचा. या वेळी कळलं की हा माणूस अजून कॅसिनोच्या शेवटच्या सीनमध्येच अडकलाय, दुःख आलं की त्यावर झाकण टाकायचं एवढंच त्याला येतं. शेवटी रशियातल्या कझानच्या बर्फात वेस्परचा आधीचा प्रियकर युसेफ त्याच्या हातात सापडतो आणि बाँड त्याला मारत नाही. तिची माळ बर्फात टाकतो आणि निघून जातो. उधारी फिटली, माझ्या मते पै न पै.

आता जिथे क्वांटम खरंच हरतो ते पण सांगते, कारण नाहीतर म्हणाल प्रेमात पडलीय. सुरुवातीचा गाड्यांचा पाठलाग. बाँडची ॲस्टन मार्टिन गडद रंगाची, मागे लागलेल्या आल्फा रोमिओ काळ्या, बोगद्यात अंधार, आणि दर सेकंदाला कट. कोण कुणाला धडकलं हे मला चार वेळा बघूनही सांगता येणार नाही. कॅसिनोमधला मादागास्करचा पाठलाग आठवा. तो पळणारा बॉम्बवाला एका छोट्याशा फटीतून अलगद उडी मारून जातो आणि मागून बाँड सरळ भिंत फोडून येतो! एक अक्षर न बोलता दोन माणसं कळली. एकाच्या अंगात कसब, दुसऱ्याच्या अंगात हट्ट. मारामारीतून माणूस कळायला पाहिजे, क्वांटमच्या निम्म्या मारामाऱ्यांत मला फक्त काचा कळल्या.

तुमचं काय मत?

तिसरी घंटा

लेख आवडला पण मुद्द्याशी सहमत नाही. जो सिनेमा आधीचा लागोपाठ बघितल्याशिवाय उभा राहत नाही त्याला मी सिनेमा म्हणून पास करणार नाही. थिएटरमध्ये गेलेल्या माणसाने दोन वर्षांपूर्वीचा सिनेमा पाठ करून यायचं का? युसेफ कोण, तो व्हाइट कोण, माथिसवर संशय का आला होता, काही म्हणजे काही परत सांगत नाहीत. फॉर्स्टरने गृहीत धरलं की आपल्याला सगळं आठवतंय.

आणि खलनायकाचं काय? कॅसिनोतला ल शिफ्रं समोर बसून पत्ते खेळतो, त्याच्या डोळ्यातून रक्त येतं, त्याला दमा आहे, त्यालाही मागून कुणीतरी मारायला टपलंय, म्हणजे तो घाबरलेला खलनायक आहे आणि म्हणून जास्त धोकादायक आहे. दोघं तासभर एकमेकांना निरखतात. क्वांटमचा डॉमिनिक ग्रीन आणि बाँड समोरासमोर येतात ते मोजून काही वेळा. शेवटी जळत्या हॉटेलात ग्रीन कुऱ्हाड घेऊन धावून येतो आणि ती स्वतःच्याच पायावर मारून घेतो. मॅथ्यू अमाल्रिक किती ताकदीचा नट आहे, त्याला हेच द्यायचं का. उधारी फेडली म्हणता, पण नवीन काही कमावलं का या सिनेमाने? नुसती जुनी देणी देऊन संसार चालत नाही.

काठावरची

एक गोष्ट निकाल देताना लक्षात घ्यायला हवी, हा सिनेमा अर्ध्या पटकथेवर बनलाय. हॉलिवुडच्या लेखकांचा संप ५ नोव्हेंबर २००७ ला सुरू झाला आणि १२ फेब्रुवारी २००८ पर्यंत चालला, शंभर दिवस. पटकथाकार पॉल हॅगिसने संप सुरू व्हायच्या जेमतेम आधी आपला खर्डा दिला. शूटिंग जानेवारीत सुरू झालं, म्हणजे भर संपात. संघटनेच्या लेखकाला पटकथेला हात लावता येत नव्हता. डॅनियल क्रेगने नंतर मुलाखतीत सांगितलंय की तो आणि दिग्दर्शक मिळून सीन दुरुस्त करत होते आणि तो काही लेखक नाही. मग ग्रीन पातळ का झाला, कमीलची गोष्ट घाईत का उरकली, याचं उत्तर मिळतं.

माझं म्हणणं एवढंच की कॅसिनोकडे तयार कादंबरी होती, इयान फ्लेमिंगची १९५३ ची पहिलीच बाँड कादंबरी, तिचा सांगाडा भक्कम. क्वांटमने फ्लेमिंगच्या एका लघुकथेचं फक्त नाव घेतलं, गोष्ट नाही. एकाला पाया आयता मिळाला, दुसऱ्याला चालत्या गाडीत चाक बसवायचं होतं.

तिसरी घंटा

@काठावरची, माहिती चांगली आहे आणि मला हळहळही वाटते. पण प्रेक्षक म्हणून मी पडद्यावर जे आहे तेच मोजणार ना. घर गळतंय तर गवंडी संपावर होते हे ऐकून छत कोरडं होत नाही.

काठावरची

मान्य. पण गळणाऱ्या घराचा नकाशा चांगला होता की वाईट हा प्रश्न तरी वेगळा ठेवूया. नेपथ्य नकाशाबद्दल बोलतायत, तुम्ही छताबद्दल.

रातवा

मला एडिटिंगवर बोलायचंय कारण इथे नेहमी चुकीच्या माणसाला शिक्षा होते. सगळे म्हणतात क्वांटमने जेसन बोर्न या हेराच्या सिनेमांची नक्कल केली म्हणून बिघडला. नक्कल सोडा, माणसंच तिथून आणली होती. सेकंड युनिटचा (ॲक्शनचे सीन वेगळे शूट करणारी तुकडी) दिग्दर्शक डॅन ब्रॅडली, तोच बोर्न सुप्रीमसीला होता. दोन एडिटरांपैकी एक रिचर्ड पिअर्सन, तो पण सुप्रीमसीवर होता. तरी सुप्रीमसीमधला मॉस्कोचा पाठलाग मला कळतो आणि क्वांटमचा कळत नाही, का?

माझं उत्तर, कारण मॉस्कोत बोर्न जखमी आहे, एका हाताने चालवतोय, पिवळी टॅक्सी आहे जी गर्दीत पण ओळखू येते, आणि मागे जो लागलाय त्यानेच गोव्यात बोर्नच्या प्रेयसीला, मारीला मारलंय. कॅमेरा कितीही हलू दे, मला काय हवंय ते माहीत आहे. क्वांटमच्या पाठलागात मला कारणच माहीत नाही, कारण गाडीच्या डिकीत व्हाइट आहे हे ते पाठलाग संपल्यावर दाखवतात! आधी सांगितलं असतं की मागे जिवंत माणूस बांधलेला आहे तर प्रत्येक धडक आपल्या पोटात बसली असती. म्हणजे प्रॉब्लेम वेगवान कट हा नाहीच, माहिती कधी द्यायची हा आहे. त्यांनी चकित करण्यासाठी ताण घालवला.

आणि हो, उधारीचा मुद्दा मला पटला. सुप्रीमसी २००४ ला आला तेव्हा पॉल ग्रीनग्रास नवा होता, पहिला भाग आयडेंटिटी (२००२) डग लायमनचा होता. पहिल्यात बोर्न विचारतो मी कोण, दुसऱ्यात विचारतो मी काय केलं. शेवटी तो त्या रशियन मुलीच्या घरी जाऊन बसतो आणि तिला सांगतो की तुझ्या आईने तुझ्या वडिलांना मारलं नाही, मी मारलं दोघांना. एवढ्या मोठ्या ॲक्शनपटाचा शेवट एका माफीवर. दुसरा भाग असावा तर असा.

नेपथ्य

@रातवा डिकीचा मुद्दा एकदम बरोबर, मला जाणवत होतं पण शब्द सापडत नव्हते. तरी एक सांगते, क्वांटममध्ये सगळीकडे असं नाहीये. हैतीच्या हॉटेलच्या खोलीतली मारामारी बघा. सुरुवात तशीच धसमुसळी, पण शेवटी बाँड त्या माणसाला भोसकतो आणि त्याला धरून बसतो, हळूहळू जीव जाईपर्यंत, नजर दुसरीकडे. तिथे कट थांबतात. ती शांतता मला कॅसिनोच्या सुरुवातीच्या काळ्यापांढऱ्या बाथरूममधल्या मारामारीची सख्खी बहीण वाटते.

आणि ऑस्ट्रियातल्या ब्रेगेन्झचा ऑपेरा! तळ्यावरचा तो अवाढव्य रंगमंच, त्यावर भला मोठा डोळा, तोस्का चालू आहे, आणि प्रेक्षकांत बसून ग्रीनची माणसं कानात यंत्र लावून मीटिंग करतायत. बाँड मध्येच बोलतो, घाबरून एकेक जण उठतो आणि तो वरून त्यांचे फोटो काढतो. व्हाइट उठत नाही, तो एकटाच शहाणा. पुढे गोळीबार होतो त्याचा आवाजच काढून टाकलाय, नुसतं संगीत. हा सीन कॅसिनोत असता तर आपण सगळ्यांनी डोक्यावर घेतला असता, क्वांटममध्ये आहे म्हणून कुणी नाव काढत नाही.

पडदाप्रेमी

सगळे बाँड आणि बोर्नवरच का बोलतायत, आपल्याकडची जोडी पण घ्या ना. एक था टायगर (२०१२) आणि टायगर जिंदा है (२०१७). इथे तुमचा उधारीचा नियम लावला तर काय होतं बघा.

कबीर खानचा पहिला सिनेमा मुळात प्रेमकथा आहे, रॉचा माणूस आणि आयएसआयची बाई, दोघं दोन्ही खात्यांतून पळतात आणि गायब होतात. डब्लिन, इस्तंबूल, हवाना, पण मध्यभागी प्रश्न एकच, हेराला स्वतःचं आयुष्य असू शकतं का. अली अब्बास जफरच्या दुसऱ्या भागात उत्तर आहे, हो, आठ वर्षांनी ते ऑस्ट्रियात आहेत, मुलगा आहे. पण तो प्रश्न तिथेच मिटतो, पुढे सिनेमा वेगळाच होतो, इराकमध्ये अडकलेल्या नर्सेसना सोडवण्याचा. त्यामागे खरी घटना, २०१४ मध्ये तिक्रितला अडकलेल्या ४६ भारतीय नर्सेस, बहुतेक केरळच्या, जुलैमध्ये सुखरूप परत आल्या. सिनेमात पाकिस्तानी नर्सेस पण घातल्या म्हणून रॉ आणि आयएसआय एकत्र येतात.

मला दुसरा जास्त आवडतो, ॲक्शन कितीतरी नीट आहे, बर्फातली लांडग्यांची मारामारी, नायिका झोयाला एकटीला दिलेली मोठी मारामारी. पण उधारी फेडली असं मी म्हणू शकत नाही. दोन देशांनी या दोघांना सहज माफ कसं केलं? पहिल्या सिनेमात ज्या गोष्टीसाठी सगळी दुनिया मागे लागली होती ती दुसऱ्यात दोन संवादांत मिटते. तरी सिनेमा चांगला आहे! मग तुमचा नियम अपुरा नाही का?

नेपथ्य

@पडदाप्रेमी हा चांगला पेच टाकलात, मी खूप वेळ विचार केला. मला वाटतं दोन प्रकारचे दुसरे भाग असतात. एक जो पहिल्याचं वाक्य पूर्ण करतो, दुसरा जो त्याच माणसांना घेऊन नवं वाक्य सुरू करतो. टायगर जिंदा है दुसऱ्या प्रकारचा, त्याला माझा नियम लावणं अन्याय आहे. पण क्वांटम पहिल्या प्रकारचा आहे, तो कॅसिनो संपल्यावर तासाभरातच सुरू होतो, इतकं थेट पुढे जाणारं त्याआधी बाँडमध्ये झालं नव्हतं. त्याने स्वतःहून ती जबाबदारी घेतली म्हणून त्याला तो नियम.

तरी रॉ आयएसआयच्या माफीबद्दल तुमची तक्रार मला योग्य वाटते. नवं वाक्य सुरू करा, पण मागचं खोडू नका.

पडदाप्रेमी

हे पटलं. आणि गिरीश कर्नाड दोन्हींत आहेत, त्यांच्या त्या शांत रॉप्रमुख शेनॉयमुळे तरी दोन सिनेमे एका घरातले वाटतात. त्यांच्या चेहऱ्यावर पहिल्या भागाचं ओझं दिसतं, संवादात नसलं तरी.

जुनी चाकोरी

उधारी बुडवण्याचं सगळ्यात दुःखद उदाहरण बाँडमध्येच आहे आणि तरुण मंडळींना ते सांगायलाच हवं. १९६९ चा ऑन हर मॅजेस्टीज सीक्रेट सर्व्हिस. बाँड लग्न करतो आणि त्याच दिवशी त्याच्या बायकोला, ट्रेसीला, गोळ्या घालतात. तो तिला मांडीवर घेऊन बसलेला असतो आणि सिनेमा संपतो. जॉर्ज लेझनबी एकाच सिनेमापुरता बाँड होता पण त्या शेवटच्या मिनिटासाठी मी त्याला सगळं माफ करतो.

मग १९७१ ला डायमंड्स आर फॉरेव्हर आला, आधीचा बाँड शॉन कॉनेरी परत. सुरुवातीला तो ट्रेसीच्या खुनामागच्या खलनायकाला, ब्लोफेल्डला शोधत फिरतो खरा, पण ट्रेसीचं नावसुद्धा निघत नाही! पुढे सगळी मजा, लास व्हेगास, हिरे. पहिल्या सिनेमाने काळीज काढून हातात दिलं आणि दुसऱ्याने ते खिशात घालून विसरून गेला. तिच्या कबरीवर फुलं घेऊन बाँड दिसतो तो थेट १९८१ मध्ये, फॉर युअर आइज ओन्लीच्या सुरुवातीला, तेव्हा तर रॉजर मूर होता. बारा वर्षं! म्हणून मी क्वांटमवर कधी रागावलो नाही. अर्धवट का होईना, त्यांनी या वेळी दुःखाकडे पाठ फिरवली नाही.

तिसरी घंटा

@जुनी चाकोरी, हे उदाहरण वाचून मी जरा मऊ झालोय. डायमंड्सपुढे क्वांटम फारच प्रामाणिक आहे.

पण खलनायकाचा मुद्दा सोडणार नाही. ग्रीनचा डाव कागदावर किती चांगला आहे, सगळ्यांना वाटतं तेल आहे आणि खरं तर तो बोलिव्हियाचं पाणी अडवतोय. त्या देशात २००० साली कोचाबांबाला पाण्याच्या खाजगीकरणावरून लोक रस्त्यावर आले होते आणि सरकारला तो करार मागे घ्यावा लागला, म्हणजे यामागे खरी जखम आहे. सिनेमात काय मिळतं? कोरडे नळ आणि रिकामी भांडी घेऊन उभे असलेले गावकरी, काही क्षण. त्यांच्यातलं एकही माणूस बोलत नाही. कॅसिनोत पत्त्याच्या एका पानावर किती पैसा, कुणाचा पैसा, हरलो तर काय, सगळं आपल्याला समजावून सांगितलंय, म्हणून ताण आहे. इथे लाखो लोकांचं पाणी पणाला लागलंय आणि मला तहान लागत नाही.

नेपथ्य

हे मला मान्य करावंच लागेल. वेस्परच्या हिशोबात सिनेमा इतका बुडालाय की बोलिव्हिया नुसता पडदा होऊन राहिला. कमीलची गोष्ट पण तशीच, तिच्या कुटुंबाला मारणाऱ्या जनरलला ती मारते, बाँड तिला आधी सांगतो श्वास घे, एकच गोळी लागेल, आणि नंतर दोघं गाडीत बसलेले, तो म्हणतो मेलेल्यांना सुडाशी काही घेणंदेणं नसतं. ही मुलगी म्हणजे बाँडचाच आरसा होती, त्याने सूड घेतला असता तर काय उरलं असतं ते तिच्या चेहऱ्यावर दिसतं. अजून वीस मिनिटं हवी होती या सिनेमाला. कॅसिनोपेक्षा तो ३८ मिनिटांनी लहान आहे, त्यातली निम्मी या दोघांना दिली असती तर मी आज एवढा मोठा धागा काढला नसता.

रातवा

शेवटचं एक. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड, तो चालत येतो, वळतो, गोळी झाडतो, हे पूर्वी नेहमी अगदी सुरुवातीला यायचं. कॅसिनोत ते पहिल्या खुनाच्या आत, त्या बाथरूमच्या सीनच्या टोकाला शिवलंय. आणि क्वांटममध्ये ते सगळ्यात शेवटी आहे. बर्फात माळ पडते आणि त्यानंतर नळी. तेव्हा खूप जणांना चूक वाटली होती ती. पण तुमचा लेख वाचल्यावर मला वाटतंय की दोन्ही सिनेमे मिळून एकच सुरुवात आहे, अडीचशे मिनिटांची.

एम म्हणते मला तू परत हवायस, तो म्हणतो मी गेलोच नव्हतो, मागे बर्फात माळ, आणि मग ते संगीत.

नेपथ्य

माळ आणि नळी यांचा क्रम माझ्या लक्षातच आला नव्हता. शेवटची दहा मिनिटं आज रात्री परत लावते.